लीमाच्या दाजींनी खाल्लेला पाव

पाव खाल्ला तर पोट भरतं. फार तर दुखतं. त्यापलीकडे पावाचा माणसाच्या आयुष्याशी काही संबंध नसावा, अशी जगात सगळीकडे रीत आहे. डोंगरातल्या आमच्या कुस्कोत मात्र पाव खाल्ला की नाचावं लागतं. ओलार्तेसाहेबांना हे लहानपणापासून माहीत होतं आणि म्हणूनच त्यांनी जन्मात तो पाव तोंडात घातला नव्हता.

तो पाव म्हणजे हुर्का. मे महिन्यात क्रूसाचा सण जवळ आला की त्या वर्षीची यजमानीण शालीत गुंडाळलेला ताटाएवढा पाव घेऊन घरोघर फिरते. पाव टेबलावर ठेवते, गोड गोड बोलते आणि जाता जाता सांगते की तुमच्याकडे यंदा फुलं, तुमच्याकडे बँड, तुमच्याकडे फटाके. पाव मोडलात की शब्द दिलात. ज्याला जमणार नसेल त्यानं दारात नाही म्हणायचं नाही. पाव ठेवून घ्यायचा आणि दिवेलागणीच्या आत, न मोडता, काहीतरी सबब सांगून परत पाठवायचा. यात कुणी राग मानत नाही. बाल्तासार ओलार्ते कोर्टात सेक्रेटरी होते तेव्हापासून त्यांच्या घरचा पाव दरवर्षी परत जायचा. आख्ख्या चढणीवर, म्हणजे आमच्या वस्तीत, न नाचलेला असा हा एकच पुरुष होता आणि आरशासमोर टाय बांधताना साहेबांना या गोष्टीचं फार समाधान वाटायचं.

यंदाची यजमानीण होती असुंताबाई पुमायाली, बाजारात लोकरीचं दुकान चालवणारी. ती सकाळीच पाव घेऊन आली. फुलं मागितली असती तर एक वेळ चाललं असतं. पण तिला हवा होता वकिलांच्या नाचातला मोठा न्यायाधीश. हा नाच ज्यानं काढला त्याला साहेबांनी नक्कीच तुरुंगात टाकलं असतं. काळा लांब कोट, उंच टोपी, हातभर नाकाचा मुखवटा आणि हातात कायद्याचं जाडजूड पुस्तक. ते पुस्तक बँडच्या ठेक्यावर रयतेच्या डोक्यात हाणायचं आणि उलटेसुलटे निवाडे द्यायचे, की लोक खो खो हसतात. ज्या माणसानं उभी हयात न्यायदेवतेच्या पायाशी काढली त्यानं हे करायचं? साहेबांनी ओठ मिटून पाव ठेवून घेतला, वर रुमाल टाकला आणि संध्याकाळी परत करायचा असं बायकोला बजावलं.

आता यात चूक कुठे झाली ते तुम्हीच सांगा. चूक एवढीच, की त्याच दिवशी लीमाहून दाजी आले.

दाजी म्हणजे साहेबांच्या धाकट्या बहिणीचे, ओबदुलियाचे पती, रेनातो. जन्म समुद्रकाठी गेलेला, नोकरी बंदरावरच्या कस्टममध्ये झालेली, आणि निवृत्त झाल्यावर एकदा कुस्को डोळे भरून पाहायचं मनात आलेलं. जुन्या राजांच्या भिंती, मोठं देऊळ, वरचा किल्ला, सगळं पाहायचं होतं. विमानातून उतरले तेव्हा गुलाबी होते, आमच्या चढणीच्या पायथ्याशी पांढरे झाले आणि दाराशी पोचेपर्यंत त्यांचा रंग शेवाळ्यासारखा झाला होता. इथे एवढ्या उंचीवर श्वास मोजून घ्यावा लागतो हे समुद्राच्या माणसाला सांगून पटत नाही.

मग काय, सल्ले सुरू झाले. एकीनं कपाळाला बटाट्याच्या चकत्या लावायला सांगितल्या, दुसरीनं चकत्या काढून कोकाची पानं चिकटवली. आमच्या चढणीवर फुकटचा वैद्य होण्याची हौस फार. यातून सगळ्यांचं एकमत झालं ते एका गोष्टीवर, ते म्हणजे पाहुण्याला खायला द्यायचं नाही. कोकाचा काढा आणि पातळ सूप, बस्स. सेनोबियाबाईंनी, म्हणजे साहेबांच्या पत्नीनं, हे व्रत इतकं कडक पाळलं की दुपारी घर निजलं तेव्हा दाजी भुकेनं जागे झाले, भिंतीला धरत स्वयंपाकघरात गेले आणि त्यांनी रुमाल उचलला.

साहेब उठून पाहतात तो टेबलावर भुगा. शेजारी दाजी, तोंडावर विमानातून उतरल्यापासून प्रथमच माणसाचा रंग.

"बाल्तासारराव, पाव झकास होता," दाजी म्हणाले. "बडीशेप जरा जास्त पडलीय, पण ठीक आहे."

साहेब खुर्चीत बसले. जावयाला घालून पाडून बोलता येत नाही, गिळून टाकलेला पाव बाहेर काढता येत नाही, आणि दिवेलागणीला तर तासभरच उरलेला. शेवटी त्यांनी टाय सारखा केला, टोपी घातली आणि असुंताबाईचं दार ठोठावलं. तिथे त्यांनी सगळा प्रकार कोर्टात मांडावा तसा मांडला. पाव ज्याला दिला त्यानं खाल्ला नाही. ज्यानं खाल्ला त्याला तो कशाचा आहे हे ठाऊक नव्हतं. सबब संमती नाही, आणि संमती नाही तिथे करार नाही.

असुंताबाईनं लोकर गुंडाळता गुंडाळता सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"साहेब, कायदा तुमचा," ती म्हणाली. "पण पाव माझा. तो परत आला का? नाही आला. मग तुमच्या घरानं खाल्ला. पायात चांगले बूट घाला, चढणीवर घसरायला होतं."

ओलार्तेसाहेब तणतणत बाहेर पडले. खाल्ला कुणी आणि नाचायचं कुणी? चोर सोडून संन्याशाला फाशी ती हीच. अन्यायाविरुद्ध दाद मागायला मन घट्ट करावं लागतं, आणि इथे तर नुसता पाव भरून द्यायचा होता. तसाच्या तसा, अखंड पाव. तिनं तो ओरोपेसा गावच्या भट्टीतून आणलेला होता, हे चढणीवरचं शेंबडं पोरही सांगेल. साहेब दुसऱ्या दिवशी सकाळी व्हॅनमध्ये दाटीवाटीनं बसून ओरोपेसाला गेले, तिथे भट्टीभट्टीतून हिंडले, बडीशेपेचा वास घेऊन घेऊन शिंकले, आणि अगदी तेवढाच, तसाच पाव घेऊन आले. येताना तो मोडू नये म्हणून मांडीवर धरून बसले होते. शेजारच्या बाईची कोंबडी त्यावर चोच मारायला बघत होती, तिलाही त्यांनी कायद्याची भाषा ऐकवली.

असुंताबाई भर बाजारात आपल्या दुकानात बसली होती. साहेबांनी चार माणसांसमोर शाल सोडली आणि पाव तिच्या हातात दिला. "घ्या. आता हिशेब मिटला."

बाईनं पाव उलटापालटा करून पाहिला. मग एक तुकडा मोडला आणि खाल्ला. शेजारच्या दोघींनाही दिला.

"घेतला बरं का साहेब," ती म्हणाली. "आता बोला, पुढच्या वर्षी तुमच्या सणाला माझ्याकडून काय हवं? मेणबत्त्या चालतील?"

हे काय होऊन बसलं ते साहेबांच्या ध्यानात यायला एक क्षण लागला, आणि तो क्षण फार वाईट होता. आमच्याकडे शालीतून पाव घेऊन कुणाकडे कोण जातं? यजमान जातो. चार माणसांदेखत ओलार्तेसाहेबांनी हुर्का दिला होता आणि तो खाल्लाही गेला होता. म्हणजे यंदाचा नाच अंगावर होताच, वर पुढच्या वर्षीचा आख्खा सणही अंगावर आला. याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण. ते घरी पोचायच्या आत बातमी पोचली होती आणि दारात माणसं अभिनंदनाला उभी होती. कुणी म्हणालं, साहेब, उशिरा का होईना सुबुद्धी सुचली. एका म्हातारीनं तर त्यांचा हात हातात घेऊन डोळ्यांतून पाणी काढलं.

साहेबांनी सगळ्यांना सांगितलं की हा गैरसमज आहे. सगळ्यांनी मान डोलावली आणि विचारलं, बँड कुठला सांगणार?

आता लढाई करायची तर रीतसर, या विचारानं ते फोर्तुनातोकडे गेले. फोर्तुनातो हा आमच्या चढणीच्या समितीचा अध्यक्ष, धंद्यानं कुलपं दुरुस्त करणारा आणि स्वभावानं मोठ्या कचेरीतला. त्यानं दुकानातलंच कपाट उघडलं, रबरी शिक्का पुसला, साहेबांना उभंच ठेवलं आणि ऐकून घेतलं. यजमानपद घ्यायचं असेल तर त्याचा अर्ज आहे, तो म्हणाला. यजमानपद दुसऱ्याला द्यायचं असेल तर त्याचाही आहे. पण जे मी घेतलंच नाही ते मला नको, असा अर्ज समितीकडे आजवर आलेला नाही, त्यामुळे तो कुठल्या फडताळात ठेवायचा हा प्रश्न उभा राहील. हा प्रश्न बैठकीपुढे मांडता येईल. बैठक सण झाल्यावर. हीच उत्तरं साहेबांनी स्वतः कोर्टाच्या खिडकीतून किती लोकांना दिली असतील! पण खिडकीच्या बाहेरच्या बाजूला ती इतकी उद्धट वाटतात याची त्यांना कल्पना नव्हती.

निघताना फोर्तुनातोनं चिचाचा पेला पुढे केला. चिचा म्हणजे मक्याची दारू, ताजी, फेसाळलेली. साहेबांनी हात पुढे केला आणि विस्तवाला लागल्यासारखा मागे घेतला.

"यात काय आहे?" त्यांनी विचारलं.

"चिचा आहे."

"ते दिसतंय. तिच्यामागे काय आहे?"

फोर्तुनातोचा चेहरा पडला. आमच्याकडे पाहुण्यानं पेला परत करणं म्हणजे केवढा अपमान ते सांगायला नको. पण साहेबांचा आता कुणावरच विश्वास उरला नव्हता. पाद्रीबाबांकडे गेले तर ते म्हणाले, देवळाच्या पावाशी माझा संबंध, असुंताच्या पावाशी नाही. आणि बशीतून बिस्किट पुढे केलं. साहेब त्या बिस्किटाकडे असे बघत राहिले की बाबांनी शेवटी ते स्वतः खाऊन दाखवलं. तरी यांनी घेतलं नाही. त्या आठवड्यात साहेबांनी ओळखीच्या घरातलं सूप नाकारलं, चुलतभावाकडचं बारसं उपाशीपोटी उरकलं, आणि बाजारात एका बाईनं चवीला दिलेला चीजचा तुकडा खिशात घालून आणून मांजराला घातला. चढणीवर बभ्रा झाला की साहेबांच्या डोक्यात हवा गेली, यजमान व्हायच्या आधीच माणसं ओळखेनासे झाले. सेनोबियाबाईंना पाणवठ्यावर, म्हणजे आमच्या कोपऱ्यावरच्या सोडतीच्या तिकिटांच्या दुकानात, काय काय ऐकून घ्यावं लागलं ते त्यांनी जेवताना रोज थोडं थोडं करून साहेबांना वाढलं.

इकडे दाजी बरे झाले. बरे म्हणजे उभे राहू लागले. आपण खाल्लेल्या पावाची कथा कानावर आली तेव्हा त्या माणसाला लाज वाटावी की नाही? ते टाळी वाजवून म्हणाले, मग नाचतो की मी! खाई त्याला खवखवे, यात वाकडं काय आहे?

असुंताबाईला काहीच अडचण नव्हती. खाणारा नाचला, पाव फिटला. पाहुणा, तोही लीमाचा, आपल्या क्रूसापुढे नाचणार म्हटल्यावर चढणीला तर आनंदाचं भरतं आलं. म्हणजे यंदाच्या नाचातून साहेब सुटले, पुढच्या सणाचं पुढे बघता आलं असतं. ज्यासाठी आठवडाभर उपाशी हिंडले ते आपोआप झालं. मग त्यांना बरं का वाटेना? कारण सकाळी दाजी अंगणात सराव करत आणि कुंपणावर माणसं जमत. दाजी दोन पावलं टाकत, बादली पालथी घालून तिच्यावर बसत, श्वास घेत, पुन्हा दोन पावलं. लोक वाहवा करत. आणि जाता जाता साहेबांकडे बघून कुणीतरी हळूच म्हणे, नाचता येईना अंगण वाकडं. तेही त्यांच्याच अंगणाच्या कुंपणाशी उभं राहून.

त्यात ओबदुलियाचा फोन आला.

"दादा, त्यांचं हृदय नाजूक आहे, डॉक्टरांनी जिनासुद्धा सांभाळून चढायला सांगितलाय," ती म्हणाली. "त्यांना काही झालं तर मी तुझं तोंड बघणार नाही. आणि त्यांना नको म्हणालास तरी बघणार नाही, इतके खूष आहेत ते."

झालं. जावयाला अडवायचं नाही आणि मरूही द्यायचं नाही. सणाच्या दिवशी क्रूसाची मिरवणूक निघाली तेव्हा पुढे मुखवटा घातलेले दाजी आणि मागून ओलार्तेसाहेब, एका हातात काढ्याचा थर्मास, दुसऱ्या हातात औषधाच्या दुकानातून आणलेला प्राणवायूचा डबा. निवृत्त कोर्ट सेक्रेटरी, आणि काम हमालाचं. साहेब रागानं इतके लाल झाले होते की दोघातिघांनी तो डबा त्यांनाच हवा असेल असं समजून वाट करून दिली.

खालच्या सपाट रस्त्यावर दाजी बरे नाचले. पण वळणावर चढण उभी होते. तिथे एका वाकलेल्या पावलावर दाजी जे वाकले ते वर आलेच नाहीत. साहेबांनी आणि सेनोबियाबाईंनी त्यांना बखोटीला धरून पहिल्या उघड्या दारातून आत ओढलं. मुखवटा काढला तर ओठ निळे. बाईंनी नाकाशी डबा लावला, पाय उशीवर घेतले. हळूहळू दाजींच्या डोळ्यांत जीव आला. पहिली गोष्ट त्यांनी केली ती म्हणजे रडले.

"बाल्तासारराव, मी शब्द दिलाय हो," ते म्हणाले. "मला उठवा."

बाहेर बँडची तीच ओळ पुन्हा पुन्हा वाजत होती. मोठ्या न्यायाधीशानं देवळाच्या पायऱ्यांवर निवाडा दिल्याशिवाय क्रूस आत जात नाही, आणि क्रूस खांद्यावर घेतलेली माणसं त्या उभ्या चढणीवर तिष्ठत होती. दाजी खरोखरच उठायला लागले. सेनोबियाबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. दाजींच्या अंगातला कोट काढून पुढे धरला. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर बोलावं लागत नाही.

साहेबांनी दातओठ खात कोट चढवला. मुखवट्याला आतून दाजींच्या घामाचा वास येत होता. जायचं, उभं राहायचं, दोन शब्द बोलायचे, परत यायचं, एवढंच त्यांनी ठरवलं होतं. पण रस्त्यात पाय ठेवतात तोच रयतेचं सोंग घेतलेल्या फोर्तुनातोनं रिवाजाप्रमाणे त्यांच्या कोटाला मागून हिसका दिला. आठवडाभराचा सगळा संताप साहेबांच्या हातात उतरला आणि कायद्याचं पुस्तक फोर्तुनातोच्या डोक्यात असं बसलं की बँडचा ढोलवाला दचकला आणि मग त्याच ठेक्यावर वाजवू लागला.

पुढचं काही त्यांच्या हातात राहिलं नाही. पाय आपोआप पडत होते. या चढणीवर जन्मलेल्या माणसाला तो ठेका शिकवावा लागत नाही, कानावर पडतच तो मोठा होतो. पायऱ्यांवर उभं राहून त्यांनी कोर्टातल्या आवाजात निवाडे दिले. असुंता पुमायाली हिनं पाव नावाच्या हत्यारानं सभ्य माणसांवर हल्ला केला, सबब तिला ओरोपेसाच्या व्हॅनमध्ये जन्मठेप. फोर्तुनातो यानं शिक्का मारण्यापलीकडे जन्मात काही केलं नाही, सबब तोच शिक्का त्याच्या कपाळावर. पाद्रीबाबांना बिस्किट दाखवून धमकावल्याबद्दल दंड. सल्ले देणाऱ्या समस्त बायकांना महिनाभर कपाळावर बटाटे. प्रत्येक निवाड्याला एक गिरकी आणि पुस्तकाचा एक तडाखा. लोक हसून हसून भिंतींना टेकले. बाबा तर डोळे पुसत होते. इतकं खरं खरं चिडलेला न्यायाधीश कुणी पाहिलेला नव्हता. क्रूस आत गेला तरी साहेब थांबेनात, शेवटी बँडवाल्यांनीच वाद्यं खाली ठेवली.

जेवण असुंताबाईच्या अंगणात होतं. सेनोबियाबाईंनी कोट परत दाजींच्या अंगावर चढवला होता आणि त्यांना मागच्या गल्लीतून आणून सावलीत बसवलं होतं. साहेब टाय बांधून शेवटच्या बाकावर बसले. दाजींभोवती ही गर्दी. काय ते पाऊल, काय ती जीभ, आणि लीमाचा माणूस! आमच्या साहेबांना उभी हयात कोर्टात काढून जे जमलं नाही ते पाहुण्यानं आठवड्यात करून दाखवलं. आता दाजी खरं काय ते सांगतील म्हणून साहेब वाट पाहू लागले. दाजींनी एकदा त्यांच्याकडे केविलवाणं पाहिलं, मग गर्दीकडे पाहिलं.

"त्यात काय," दाजी म्हणाले. "अंगातच असावं लागतं."

साहेब उठलेच. सेनोबियाबाईंनी कोट धरून खाली बसवलं आणि कानात सांगितलं की जावयाची भर अंगणात फजिती करायची नाही, ओबदुलियाला काय वाटेल. म्हणजे गप्प बसायचं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार, दुसरं काय!

तेवढ्यात असुंताबाई शाल घेऊन आली. आधी साहेबांसमोर उभी राहिली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली की साहेबांना आम्ही उगाच त्रास दिला. समितीनं आत्ता जेवताना ठरवलंय, साहेबांनी बाजारात दिलेला पाव हुर्का धरायचा नाही. पुढचा सण पुन्हा माझ्याकडे, त्यांच्याकडे सण नाही, नाच नाही, साहेब सगळ्यातून मोकळे. यापुढे त्यांच्या दारात पावही न्यायचा नाही. ज्याला आवड नाही त्याला कशाला छळायचं?

फोर्तुनातोनं मान डोलावली. कपाळावरच्या टेंगळाला हात लावत तो म्हणाला, हो, साहेबांना त्रास नको.

मग असुंताबाई दाजींकडे वळली. "पुढच्या वर्षीही न्यायाधीश तुम्हीच," ती म्हणाली आणि तिनं शाल उलगडली. दाजींनी हसत हात पुढे केला.

ओलार्तेसाहेब बाकावरून कसे आले ते कुणी पाहिलं नाही. पाव त्यांच्या हातात होता. त्यांनी तो छातीशी धरला, मोठा लचका तोडला आणि तोंडात कोंबला. बोलण्याजोगी जागाच तोंडात नव्हती. डोळ्यांत पाणी आलं होतं, मान ताठ होती, आणि एकेका माणसाकडे रागानं बघत ते चावत होते.

असुंताबाईनं चिचाचा पेला भरला आणि त्यांच्या हातात दिला. या वेळी त्यांनी तो घेतला.

"सावकाश, साहेब," ती म्हणाली. "कुणी काढून घेत नाही."